खुर्चीवरून भरलेला चुडा

ऑपरेशनला अजून तीन आठवडे होते आणि माझ्या सासूबाईंनी आतापासूनच जमिनीवर बसणं सोडून दिलं.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आमच्या हातात एक कागद दिला होता. खुब्याचा सांधा बदलल्यावर काय करायचं आणि काय नाही, ते त्यावर छापलेलं. मांडी घालायची नाही. उकिडवं बसायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही. बसल्यावर कमरेतून पुढे वाकायचं नाही, नाही तर नवा सांधा जागेवरून निसटू शकतो. घरी येऊन मी तो कागद वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला आणि म्हणाल्या, "मंग आजपासूनच चटया उचल, नाझनीन. ऑपरेशन झाल्यावर दुखण्यात काय शिकू मी? आत्ताच शिकते."

मला रागच आला. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या औसा गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मी नांदेडहून लग्न होऊन आले तेव्हा सोबत एक पितळी हंडा आणि हा राग, एवढंच घेऊन आले असं माझा नवरा रिजवान म्हणतो. तीन आठवडे आधीपासून आजारीपणाचं नाटक कशाला, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं. अम्मी नुसत्या हसल्या. आम्ही घरचे त्यांना अम्मी म्हणतो. गावाला त्या अमीरबी.

आमचं घराणं मनियारांचं, म्हणजे बांगड्यांचं. बाजारात दुकान आहे, ते रिजवान बघतो. रोजच्या बांगड्या बायका दुकानातून नेतात, पण लग्नाचा हिरवा चुडा भरायचा म्हटलं की निरोप अम्मीला येतो. अठ्ठेचाळीस वर्षं त्या हे काम करतायत. नवरी पाटावर, अम्मी समोर जमिनीवर. नवरीचा हात आपल्या गुडघ्यावर घ्यायचा, तळवा दाबून दाबून मऊ करायचा, अंगठ्याचं हाड आत वळवायचं आणि काचेची बांगडी अशी चढवायची की मुलीला कळतच नाही कधी गेली. एवढा सगळा धंदा जमिनीवरचा. आणि आता जमीनच बंद होणार होती.

त्यात उमाबाईंच्या नातीचं लग्न ठरलेलं. उमाबाई म्हणजे आडत दुकानवाल्या, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि जिभेवर तिखट. त्यांचा स्वतःचा चुडा अम्मीच्या सासूने भरला होता, त्यांच्या मुलींचे आणि सुनांचे अम्मीने. आता नात शिल्पा. ऑपरेशन नोव्हेंबरात, चुडा जानेवारीच्या शेवटी. मधे दहा आठवडे.

"उदगीरहून कुणाला तरी बोलावू," रिजवान म्हणाला. "अम्मी, तू आराम कर."

अम्मीने काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाल्या, "शिल्पाचा चुडा मी भरीन. न्हाई भरता आला तर माझं काम संपलं समज. मंग ती बांगड्यांची पेटी कुणालाबी देऊन टाक, मला इचारू नको."

त्या चिडून बोलल्या नव्हत्या, म्हणूनच आम्ही दोघं घाबरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काठी घेऊन घरभर हिंडल्या. प्रत्येक ठिकाणी थांबायच्या आणि स्वतःलाच विचारायच्या, "हितं मला काय लागतं? कुठं हाय ते?" मी मागे वही घेऊन. पिठाचा डबा ओट्याच्या खाली. खलबत्ता जमिनीवर. चपला उंबऱ्याशी. मोबाईलच्या चार्जरचं बटण पलंगामागे, तेही वीतभर उंचीवर. बादली, तांब्या, साबण, सगळं खाली. बांगड्यांची पेटी पलंगाखाली. मी त्या घरात अकरा वर्षं राहतेय आणि मला कधी कळलंच नव्हतं की आमचं सगळं घर गुडघ्याच्या खाली आहे.

भुजंग मिस्त्रीला बोलावलं. त्याने पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे बसवले, संडासात धरायला लोखंडी दांडी ठोकली, कमोडची खुर्ची बसवून दिली. बांगड्यांचे दोऱ्यात ओवलेले तोडे भिंतीवर खांद्याच्या उंचीला खिळ्यांवर टांगले, त्यामुळे आमची आतली खोली एकदम दुकानासारखी दिसायला लागली. खाली पडलेली वस्तू उचलायला त्याने एक लांब लाकडी चिमटा करून दिला. अम्मी दिवसभर त्या चिमट्याने काहीबाही उचलत बसायच्या. आधी रुमाल, मग चमचा, मग सुई. सुई उचलायला त्यांना चार दिवस लागले. पाचव्या दिवशी त्यांनी ती उचलली आणि माझ्यासमोर धरली. मी तिथून निघून स्वयंपाकघरात गेले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि ते मला दाखवायचे नव्हते.

मग खुर्चीवर बसून बांगड्या भरायचा सराव सुरू झाला. हात कुणाचे? माझे.

पहिल्या दिवशी नऊ बांगड्या गेल्या. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. "वाढली," अम्मी म्हणायच्या आणि पुढची घ्यायच्या. माझ्या मनगटावर तीन ठिकाणी रक्त आलं. अठ्ठेचाळीस वर्षांत ज्या बाईच्या हातून वर्षाला चार बांगड्या वाढत नसतील, तिच्या हातून एका सकाळी नऊ. मी म्हटलं, "अम्मी, सोडा आता. हात आहे माझा, भाजी न्हाई."

त्यांनी सोडलं नाही. माझा हात तसाच धरून त्या विचार करत राहिल्या. "गुडघा न्हाई ना," शेवटी म्हणाल्या. "खाली बसले की तुझा हात माझ्या गुडघ्यावर ऱ्हातो. गुडघा खालून धरून ऱ्हातो, अन् मी वरून चढवते. मला वाटायचं सगळं बोटं करतात. अर्धं काम तर गुडघाच करत होता."

हे ऐकून मी थक्क झाले. सगळं आयुष्य एक काम केलं आणि आता, सहासष्टाव्या वर्षी, त्या पहिल्यांदा बघत होत्या की ते काम नक्की होतं कसं. भुजंगने मग खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी बसेल अशी एक अरुंद फळी केली, वर जुन्या रजईचा कापूस भरून कापड ठोकलं. समोर तेवढ्याच उंचीचं स्टूल. फळीवर माझा हात. दुसऱ्या दिवशी सहा वाढल्या, मग दोन, आणि ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात एकही नाही. दोन-चार मापाची बांगडी माझ्या दोन-सहा मापाच्या हातात गेली आणि मला कळलं नाही. मी माझ्या मनगटाकडे बघत राहिले. राग-बिग कुठे गेला कोण जाणे.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून त्यांना उभं केलं, तेव्हा शेजारच्या खाटेवरची बाई ओरडत होती आणि अम्मी मोजून पावलं टाकत होत्या. व्यायाम शिकवायला अक्षरा नावाची मुलगी होती, लातूरचीच, लहानखुरी आणि कडक. तिने सांगायला तोंड उघडलं की अम्मी ते आधीच करून दाखवायच्या. पलंगावरून उठताना दुखरा पाय पुढे सरकवून. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. "आजी, तुम्ही हे कुठे शिकलात?" अक्षराने विचारलं. "घरी," अम्मी म्हणाल्या. "तीन हप्ते रिहर्सल केली." अक्षरा माझ्याकडे बघून हसली आणि मला उगाच अभिमान वाटला, जणू रिहर्सल मीच केली होती.

घरी आल्यावर सगळं जागच्या जागी होतं. नमाजही त्या खुर्चीवर बसून पढू लागल्या. कपाळ जमिनीला टेकत नाही याचं त्यांना फार वाईट वाटलं, ते त्यांनी एकदाच बोलून दाखवलं आणि मग पुन्हा नाही. मी मात्र मनात म्हणत होते, आता काही चुकायचं उरलं नाही. या बाईने काहीच शिल्लक ठेवलेलं नाही.

पाचव्या आठवड्यात उमाबाई शिल्पाला घेऊन भेटायला आल्या. चहा झाला, लग्नाच्या गप्पा झाल्या. निघताना शिल्पा अम्मीच्या पाया पडायला वाकली. आणि अम्मी, ज्यांनी सुईसुद्धा वाकून उचलली नव्हती, एकदम खुर्चीतून पुढे झुकल्या आणि तिचे दोन्ही हात मधेच धरले.

मी ओरडले. खांद्याला धरून त्यांना मागे ओढलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. शिल्पा तर रडायलाच लागली. सांधा निसटला नव्हता, दुसऱ्या दिवशी अक्षराने लातूरहून येऊन पाय वळवून बघितला आणि म्हणाली, "नशीब होतं. पुढच्या वेळी असेलच असं नाही."

चूक कुठे झाली ते मला तेव्हा कळलं. चुडा भरून झाला की नवरी बांगड्या भरणाऱ्या बाईच्या पाया पडते, ही इकडची रीत आहे. आणि अम्मी दर वेळी तिचे हात मधेच धरतात. कधीच पायापर्यंत पोचू देत नाहीत. माणसाने झुकायचं ते फक्त अल्लासमोर, आपल्यासमोर कुणी झुकू नये, हे त्यांचं म्हणणं. पण रीत मोडून पोरीचं मन दुखवायचं नाही, हेही त्यांचंच म्हणणं. म्हणून हा मधला मार्ग: तिने वाकायचं, यांनी पुढे होऊन उचलायचं. अठ्ठेचाळीस वर्षं. त्यात विचार करायला वेळच नसतो, हात आपोआप जातात.

"याचाबी सराव करू," मी म्हटलं. "मी रोज वीस वेळा वाकते तुमच्यासमोर. तुम्ही सरळ बसायचं."

"तोबा कर," अम्मी म्हणाल्या.

"सरावच तर आहे, अम्मी."

"आपल्या घरात, माझ्याच सुनेनं माझ्या पायाशी वाकायचं, अन् मी बघत बसायचं? सरावासाठी बी न्हाई. तो कागद फाडून टाक पाहिजे तर."

मी खूप वाद घातला. आवाज चढवला, ताट आपटलं, दोन दिवस अबोला धरला. उपयोग शून्य. सुई उचलायला चार दिवस देणाऱ्या बाईने या एका गोष्टीला चार मिनिटं दिली नाहीत. आणि मला दिसत होतं की सगळं याच एका गोष्टीवर अडणार आहे. चुडा भरून होईल, पोरगी वाकेल, अम्मी झुकतील आणि सांधा निसटेल. मग पुन्हा दवाखाना, आणि त्यानंतर पेटी कुणालाही.

शेवटी मी त्यांना न सांगता उमाबाईंकडे गेले. उमाबाई ओसरीवर तूर निवडत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं.

"माझ्या तीन सुना झाल्या," त्या म्हणाल्या. "एकीचाबी हात तिच्या पायाला लागू दिला न्हाई तिनं. अन् पाया पडल्याबिगर चुडा भरला असं आमच्या घरात झालं न्हाई. पर तिला इजा व्हायची असंल तर ऱ्हाऊ दे. शिल्पा लांबूनच हात जोडील. मी सांगते तिला."

मी हलक्या मनाने घरी आले आणि अम्मीला सांगून टाकलं. वाटलं, त्यांचाही जीव हलका होईल. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्यावर ओरडल्या.

"माझ्या पायापायी पोरीचा रिवाज तोडून आलीस? जा, परत जा. उमाक्काला म्हणाव, शिल्पाला जे करायचं ते शिल्पा करंल. माझं मी बघीन."

मी परत गेले. उमाबाईंनी नुसती मान हलवली.

चुड्याच्या दिवशी खुर्ची, फळी, स्टूल, अम्मी आणि मी, असे आम्ही रिजवानसोबत ऑटोत कोंबून उमाबाईंकडे पोचलो. माजघरात सतरंजीवर तीसेक बायका. मधे पाट मांडलेला, भोवती रांगोळी. एक म्हातारी आत्या म्हणाली, नवरी स्टुलावर कशी बसंल, पाटावरच बसावं लागंल. उमाबाईंनी पाट उचलून स्टुलावर ठेवला आणि म्हणाल्या, "बसली पाटावर. झालं?"

अम्मी खुर्चीत बसल्या. फळी लावली. शिल्पाचा हात घेतला. आणि मग जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. जमिनीवर बसलेल्या बायकांना फळीवरचं काही दिसेना, म्हणून एकेक करत सगळ्या उठून उभ्या राहिल्या. तीस बायका खुर्चीभोवती उभ्या, कुणी कुणाच्या खांद्यावरून बघतेय. अम्मीची बोटं शिल्पाचा तळवा दाबतायत, हाड वळवतायत, आणि हिरवी बांगडी, मग दुसरी, मग तिसरी, पाण्यातून सरकावी तशी वर जातेय. इतक्या वर्षांत या बायकांनी शेकडो चुडे भरलेले बघितले असतील. पण ते खाली, घाईगर्दीत, डोक्यांच्या मागून. आज काम त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. "काय हात हाय गं," कुणीतरी पुटपुटलं. मी अम्मीच्या मागे उभी होते. हीच ती बाई, जी नाटक करतेय असं मी तिच्या तोंडावर म्हटलं होतं.

दोन्ही हात भरून झाले. एकही वाढली नाही. मी फळी काढली आणि माझा हात अम्मीच्या खांद्यापाशी नेऊन ठेवला.

शिल्पा स्टुलावरून उतरली आणि वाकली.

अम्मीचे हात निघाले. मी ते बघितलं. नेहमीसारखे, आपोआप, पुढे आणि खाली. मी खांदा धरणार तेवढ्यात लक्षात आलं की खांदा हललेलाच नाही. पाठ खुर्चीला तशीच टेकलेली. फक्त हात गेले होते, आणि ते जेवढे जाऊ शकत होते तेवढे जाऊन हवेत थांबले. शिल्पा त्यांच्या खूप खाली होती. शिल्पाची बोटं अम्मीच्या पायाला लागली. अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणाची तरी लागली.

अम्मीचे रिकामे हात क्षणभर तसेच राहिले. मग ते वळले. तळवे वर झाले. दुवा मागताना धरतात तसे त्यांनी ते छातीपुढे धरले, डोळे मिटले आणि मोठ्याने, सगळ्यांसमोर, आमच्या घरच्या बोलीत म्हणाल्या, "या अल्लाह, इस बच्ची का चुडा सलामत रख. इसका घर आबाद रख. इसकू किसी के सामने हाथ फैलाना पडे, ऐसा दिन नक्को दिखा."

शिल्पा खालीच होती. तिला उठायचं कधी ते कळेना, कारण अमीरबी पोरींना उठवतात, हेच तिने लहानपणापासून बघितलेलं. उमाबाईंनी गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला होता आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "ऊठ गं आता," त्या म्हणाल्या, तेव्हा ती उठली. तिचे डोळे लाल झाले होते.

त्यानंतर शिल्पाची आई पुढे आली, तिने वाकून पाया पडून घेतलं, आणि मग तिच्या दोन जावा. मी थांबवायला गेले तर अम्मीनेच हाताने नको म्हटलं. प्रत्येकीसाठी त्या सरळ बसून तळवे उघडायच्या आणि तिच्या नावाने दुवा मागायच्या. तिन्ही नावं त्यांना पाठ होती.

परतताना ऑटोत रिजवान पुढे बसला. मी मागे अम्मीजवळ, मांडीवर फळी घेऊन. मला वाटलं, दमल्या असतील. मी म्हटलं, "जिंकलात, अम्मी. पेटी आता तुमचीच."

त्यांनी जणू ऐकलंच नाही. बाहेर बघत होत्या. किल्ल्याजवळून ऑटो वळला तेव्हा म्हणाल्या, "नाझनीन, मला वाटायचं त्या पोरी माझ्यासमोर वाकत्यात. म्हणून मी हात धरून उठवायची."

"मग?"

"त्या माझ्यासमोर न्हाई वाकत होत्या गं. त्या दुवा मागत होत्या. इतक्या पोरी, इतकी वर्षं. अन् मी एकीलाबी काही न देता उठवून घरी पाठवलं."

मी त्यांचा हात हातात घेतला आणि घर येईपर्यंत तसाच धरून ठेवला.